सात नंबरचं बारसं

मित्रांनो, जवळ या, पण बोटं खिशात ठेवा. मले चावायची सवय आहे. मी एक म्हातारा मराठी टाइपरायटर. माह्या दांड्यायनं किती जणांची नखं निळी केली ते माह्याच ध्यानात नाही. आता भंगारात पडलो आहे, पण चावा अजून तसाच आहे. खोटं वाटत असलं तर या, करून पाहा.

जन्म मुंबईच्या कारखान्यातला. पहिली नोकरी पुसदच्या कोर्टात. तिथं लय मान होता. बाबू माह्यावर ठोके, कागद निघे, आन तो वाचून बाहेर उभ्या असलेल्या माणसाचं तोंड खाली पडे. मले मजा येई. मग कोर्टात कॉम्प्युटर आला. लोकं माह्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. शेवटी लिलाव झाला आन नरहर सरांनं मले आर्णीले आणलं.

सरांचा टायपिंगचा क्लास बसस्टँडच्या मागं, माडीवर. खाली कृषी केंद्र. त्याच्या औषधांचा वास दिवसभर वर चढे. आम्ही आठ मशीनी होतो, मी सात नंबर. साल असन दोन हजार पाच, सहा. कापूस घरात पडून होता, वावरात जीव राह्यला नव्हता, म्हणून घरोघरचे पोट्टे टायपिंगले धावले होते. टायपिंग केलं की बाबूची नोकरी लागते, असं त्यायले कोणीतरी सांगतलं होतं. सर काही खोडत नव्हते. आठही मशीनी भरलेल्या होत्या ना!

सरांचा एक नियम. सगळ्या बटनांवर चिकटपट्टी लावलेली. अक्षर पाहाचं नाही, बोटानं ओळखाचं. पाह्यलं की हातावर लाकडी पट्टी.

एक दिवस आसिम नावाच्या सिनिअर पोट्ट्यानं मले झाडाझुडीसाठी उचललं आन जिन्यावरून पाडलं. माह्या दोन दांड्यांची टोकं तुटली. त्या टोकायवर अक्षराचे ठसे असतात, मित्रांनो, आन ते उलटे कोरलेले असतात, आरशात दिसल्यासारखे. यवतमाळहून मेकॅनिक बोलवायचा तर सरांच्या जिवावर आलं. त्यायनं बाजारातल्या मन्सूरले हाक मारली. मन्सूर म्हणजे फवारणीचे पंप आन स्टोव्ह दुरुस्त करणारा. हात सोन्याचा. पण शिकला उर्दू शाळेत, तेही तिसरीपर्यंत. मराठी सुलटी वाचाची मारामार, उलटी कशी वाचन? त्यानं तुटलेली टोकं झकास डाग मारून जोडली. क च्या जागी र लावला, र च्या जागी क.

सरांनं कागद घालून आपलं नाव ठोकलं. निघालं, "नकहक".

सर पोट धरून हसले. आसिम जमिनीवर लोळला. मीही हसलो. माह्यं हसणं म्हणजे ओळ संपल्यावर वाजणारी घंटी. त्या दिवशी ती मधातच वाजली.

"सर, परत बोलावू का मन्सूरचाचाले?" आसिमनं विचारलं.

"राहू दे," सर म्हणे. "नवीन पोट्टे आले की याच्यावर बसवू. आपलं नाव टाइप कराले सांगू. बारसं करू त्यायचं!"

तेव्हापासून क्लासात रीतच पडली. नवा आला की पहिले सात नंबर. शंकरसिंग नावाचा पोट्टा "शंरकसिंग" झाला तो सहा महिने शंरकच राह्यला. नवा माणूस चिडे, बोंबलून उठे, "सर, मशीन खराब आहे!" मग सगळे टाळ्या पिटत आन त्याले दुसऱ्या मशीनवर बसवत. दहा मिनिटाचा खेळ. मले तर दिवाळी वाटे.

मग कशफ आली.

कशफ त्याच मन्सूरची पोरगी, बारा वर्षांची, सहावीत दोनदा नापास. तोंडानं विचारा, फटाफट सांगे. हातात पेन दिला की खेळ खलास. अक्षरं उलटी पडत, ओळ सोडून पळत, एकमेकांच्या अंगावर चढत. शाळेत तिची वही तिच्याच गळ्यात अडकवून तिले वर्गावर्गात फिरवत. हेडमास्तर मारोतराव तिच्या मायले, सुग्राबीले, म्हणाले होते, "यंदा नापास झाली की दाखला घेऊन जा. म्हशीले लेझीम शिकवाले आमच्याजवळ येळ नाही."

सुग्राबी गाद्या शिवे. कापूस भरता भरता तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली. तहसीलच्या फाटकासमोर टाइप करणारा माणूस अक्षर काढत नाही, नुसतं बटन दाबते. पोरगीले काढता येत नाही, दाबता तर येईन! तशी ती तिले हाताले धरून माडीवर घेऊन आली.

"सर, हिच्या हातात दोष आहे, डोक्यात नाही," ती म्हणे. "तुमी शिकवा."

सरांनं कशफले पाह्यलं, आसिमले पाह्यलं, डोळा मारला. "बस बेटा. सात नंबर."

मी तयारच होतो. सरांनं अक्षरांच्या जागा सांगतल्या, तिनं एकेक बटन शोधत नाव टाइप केलं. "रशफ".

क्लास फुटला. "रशफ! ए रशफ!"

आता ही बोंबलन म्हणून आम्ही वाट पाहून राह्यलो. तर पोरगी लाल झाली, मान खाली घातली, म्हणे, "चुकलं सर. परत करते."

परत केलं. परत रशफ. "चुकलं सर."

मित्रांनो, आतापर्यंत त्या मशीनवर बसलेल्या हरेकानं मशीनले शिव्या दिल्या होत्या. या पोरीच्या मनात ते आलंच नाही. जन्मभर तिचंच चुकत आलं होतं, मग मशीनचं काहून चुकन? आन हे पाहून तर आमची मजा दुप्पट झाली. कोणी म्हणे दोन दिवसात समजन, कोणी म्हणे आठवड्यात. सर म्हणे, "कोणी सांगाचं नाही हं."

आठवड्यात ते झालं जे कोणालेच नको होतं. तिनं बोटं पलटली. क पाह्यजे असला की आपोआप र च्या बटनावर जाये. तिले वाटलं, जागा आपण उलट्या ऐकल्या होत्या. कागदावर निघालं, "कशफ". तिनं तो कागद घरी नेला. मन्सूरनं तो म्हणे दुकानात पंपाच्या टाकीवर चिकटवला.

जून गेला, दिवाळी गेली. पोरगी रोज शाळा सुटली की माह्यावर. मी तिची बोटं चिमटली, फीत मुद्दाम ढिली केली, तिच्या कपाळाले शाई लावली. ती हटली नाही. फेब्रुवारीपर्यंत सात नंबरवर तिच्याएवढं साफ काम कोणाचंच नव्हतं. आता सांगावं तर कसं? आठ महिने चुकीच्या मशीनवर बसवलं म्हणून सांगाचं? सर रोज म्हणत, उद्या सांगू.

मार्चात सुग्राबी हेडमास्तरकडे गेली. पोरगीले पेपर टाइप करू द्या म्हणे. मारोतराव हसले. "शाळेची परीक्षा आहे, बोर्डाची नाही. देऊ परवानगी. पण पहिले माह्यासमोर एक पान टाइप करून दाखवाचं. दहाच्या वर चुका झाल्या तर त्याच दिवशी दाखला. आन मशीन आमच्या ऑफिसातली. तुमच्या मशीनमधी काय जादू भरली असन तर?"

हे ऐकून आसिमचं तोंड उतरलं. "सर, आता तरी सांगून देऊ का तिले? दोन दिवस आहेत."

"चूप बस. दोन दिवसात बोटं पलटतात का कोणाची? उगी घाबरन."

ठरल्या दिवशी सुग्राबीनं मले गादीच्या खोळीत गुंडाळून डोक्यावर घेतलं आन शाळेत नेलं. माह्या पोरीची मशीन तिच्यासंगं राहू दे म्हणे. मन्सूर दुकान बंद करून आलता. सरांले यावंच लागलं. मले कोपऱ्यातल्या बाकावर ठेवलं. समोर शाळेची मशीन, चकाचक, एकदम बरोबर.

मारोतरावनं सांगाले सुरुवात केली. कापूस हे आमचे मुख्य पीक. यंदा घरोघर कापूस पडून आहे. सरकार खरेदी करेल काय?

पोरीची बोटं पळाली. मारोतरावनं कागद खेचला आन मास्तर लोकायले मोठ्यानं वाचून दाखवला. "रापूस हे आमचे मुख्य पीर! घकोघक रापूस! सकराक खकेदी रकेल राय! अरे, ही कोणती भाषा हो, मन्सूरभाई? तुमच्या घरची का?"

ऑफिस हासून हासून डोळे पुसू लागलं. "तीन ओळीत बारा चुका. बाबू, दाखला लिहा."

पोरगी कागदाकडं पाहत राह्यली. मी म्हटलं, आता म्हणते, चुकलं सर.

ती म्हणे, "सर, ही मशीन चुकीची आहे."

परत हशा. जन्मात पहिल्यांदा तिनं मशीनवर बोट ठेवलं, आन ठेवलं तेही तिथल्या एकुलत्या एका खऱ्या मशीनवर!

"माह्या मशीनवर घ्या," ती म्हणे.

"घ्या, तेही पाहू," मारोतराव म्हणे. मजेत होते.

मले समोर आणलं. तीच वाक्यं, वर अजून सात. एक चूक नाही. मारोतरावचं हसू आटलं. त्यायनं पोरीले उठवलं, चिकटपट्ट्या उपटल्या, अक्षरं पाहून स्वतःचं नाव ठोकलं. "माकोतकाव".

आता कोणी हसलं नाही. हेडमास्तरांवर हसाची हिंमत कोणात?

"नरहरराव," मारोतराव हळू आवाजात म्हणे, "ही मशीन उलटी आहे. तुमाले माहीत होतं?"

सरांनं एकदा मन्सूरकडं पाह्यलं. हो म्हटलं तर पोरगी सुटे. हो म्हटलं तर क्लासचं नाव जाये. पोरगी त्यायच्या तोंडाकडं पाहत होती.

"मले काय माहीत?" सर म्हणे. "हे या मन्सूरचं काम आहे. त्याले विचारा."

मन्सूर पुढं आला. माह्या पोटात वाकून पाह्यलं. आपला डाग त्यानं वळखला. "हो साहेब," तो म्हणे, "हात माहाच आहे." आन पोरीकडं न पाहता भिंतीले लागून उभा राह्यला. माणूस एवढा लहान होते हे मले कोर्टात असतानापासून माहीत होतं. तेव्हा मजा येई.

"बाप बिघडवते, लेक फसवते," मारोतराव म्हणे. "दाखला."

कशफ माह्याजवळ आली. माह्यं झाकण उघडून आत पाह्यलं, मग शाळेच्या मशीनमधी पाह्यलं. ते उलटे कोरलेले ठसे तिनं धडाधड वाचले, जसे तुमी पाटी वाचता. उलटी अक्षरं तिले कधी परकी नव्हतीच.

"नुसते क आन र पलटले आहेत," ती म्हणे. "सर, तुमच्याच मशीनवर परत घ्या. एक पान. नवीन."

"बस. आता पीर निघाला तर तोंड दाखवाचं नाही."

डोळे मिटून, ओठ हलवत तिनं टाइप केलं. जिथं क आला तिथं बोट हवेत थांबे, अर्धं जाये, परत येई. पाऊण तास लागला. घामानं बटनं ओली झाली. मारोतरावनं चुका तीनदा मोजल्या. तिन्ही बारी चारच निघाल्या.

शाबासकी दिली नाही त्यायनं. "ऑफिसात बसून पेपर टाइप कर," एवढंच म्हणे. "आवाज कमी." पोरगी पास झाली. सातवीत गेली.

दुसऱ्या दिवशी मन्सूर डाग माराची कांडी घेऊन माडीवर आला. "सर, मशीन दुरुस्त करून देतो."

"राहू दे," सर म्हणे. "जूनमधी नवीन लोकं येऊन राह्यले." आसिम परत दात काढत होता. माह्या पोटातही गुदगुल्या झाल्या, लपवत नाही.

जूनमधी पहिल्या दिवशी आल्या धुरपताबाई, चाळिशीच्या, विधवा, निंदण करून करून बोटं दगड झालेल्या. सर म्हणे, "बसा बाई. सात नंबर. आपलं नाव टाइप करा." क्लास शांत झाला, हासाच्या तयारीनं. तेवढ्यात, आता दोन नंबरवर बसाले लागलेली कशफ उठली.

"थांबा मावशी. त्याच्यातले क आन र पलटले आहेत. माह्या जागी बसा."

"ए कशफ!" सर गरजले. "तुले कोणी विचारलं? बस खाली!"

"सर, तुमाले माहीत नव्हतं ना," ती म्हणे, "म्हणून सांगून राह्यली."

कोणी हसलं नाही, मित्रांनो. आसिमही नाही. धुरपताबाई उठून दोन नंबरवर गेल्या. सरांनं पट्टी उचलली, आन तशीच टेबलावर ठेवली.

त्याच आठवड्यात मी भंगारात गेलो. माह्या पोटातला मन्सूरचा डाग अजून पक्का आहे.

आता माह्यं एक ऐका. घरात, वर्गात एखादं लेकरू घडोघडी "चुकलं, चुकलं" म्हणत असलं, तर त्याच्यावर हासाच्या पहिले त्याच्या हातातली मशीन उघडून पाहा. बोट चिमटन, शाई लागन, पण पाहा. मी तर आठ महिने तिच्या बोटाखाली होतो, सगळं माहीत असून घंटी वाजवत.