शिरोरेघ

चिमणी ओळखपत्रांचे फोटो काढायची. हनुवटी वर, खांदे सरळ, हसू नका, हे दिवसभर सांगून तिला त्याचा वीट आला होता. उजेडाने चित्र काढायची युक्ती कुठेतरी पाहिली आणि तिच्या मनाने तेच घेतलं. खोलीत मिट्ट काळोख करायचा, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं आणि हातातली छोटी बॅटरी हवेत फिरवायची. माणूस फोटोत येत नाही, उजेडाची रेघ तेवढी उमटते.

लिहायला तिने वडिलांनाच धरलं. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पट्टी न लावता ओढलेली त्यांची शिरोरेघ बघायला लोक रस्त्यात थांबायचे. हल्ली मात्र त्यांनी काम सोडलं होतं. छापील पाट्यांपुढे आपल्याला कोण विचारतो, म्हणायचे. तिलाही ते पटलं होतं.

तिने विचारताच ते नाना सबबी सांगू लागले. डोळे दुखतात, जेवण जड झालंय. तिने ऐकलं नाही. रविवारी दुपारी स्टुडिओमागच्या बिनखिडकीच्या खोलीत तिने त्यांना उभं केलं, बॅटरी हातात दिली. अक्षरं कॅमेऱ्यात उलटी येतील, ती मी नंतर सरळ करीन, म्हणाली. काय लिहू, त्यांनी विचारलं. आईचं नाव लिहा, ती म्हणाली. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

काळोखात तिला त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

पडद्यावर फोटो आला, तेव्हा आधी तिला आनंदच झाला. पहिल्याच फटक्यात साधलं होतं. मग तिने तो मोठा करून पाहिला. शिरोरेघ करवतीच्या दात्यांसारखी होती. वेलांटीचा तर पार गुंता झाला होता. कॅमेऱ्याचा स्टँड हलला असणार म्हणून तिने त्याचे पाय घट्ट आवळले आणि पुन्हा लिहायला लावलं. तेच. तिसऱ्यांदा तिने स्टँडवर वजन टांगलं.

"राहू दे, चिमणे," वडील म्हणाले. "स्टँड हलत नाहीये."

तिने दिवा लावला. त्यांनी उजवा हात डाव्या हातात गच्च धरून ठेवला होता, पळू पाहणारं जनावर धरावं तसा.

"कधीपासून?"

"तुझी आई होती तेव्हापासून. तिला माहीत होतं."

थोरल्या काकांचं दुखणंही असंच हात थरथरण्यापासून सुरू झालं होतं. शेवटी त्यांना घोटभर पाणी गिळता येईना. काकांना भरवायला वडीलच जायचे. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? तू रोज माझ्या हाताकडे बघत बसली असतीस."

डॉक्टरांनीही काकांच्याच आजाराचं नाव घेतलं. औषधाने वेग कमी होईल, आजार जाणार नाही, एवढंच ते म्हणाले. परत येताना रस्ता ओलांडायला तिने वडिलांचा हात धरला आणि तो तिच्या मुठीत थरथरत राहिला.

आता सकाळी त्यांची दाढी तीच करते. पहिल्या दिवशी गालाला वस्तरा लागला. ती घाबरली, पण त्यांनी गाल तसाच पुढे धरला. तिने रक्त टिपलं, साबण पुन्हा फेसला आणि त्यांची हनुवटी वर केली.