सुट्या वायरींचा सप्लाय

"लागतात चार आणि देतात चौदा. उरलेल्या काय गळ्यात घालून मिरवू?"

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पोटातून आलेली ही कुरकुर एकट्या शालनलाच ऐकू आली, कारण हातात बॅटरी धरून ती वीतभर अंतरावर वाकून उभी होती. करीमभाईंचं बोलणं माणसाशी नव्हतं, पॉवर सप्लायशी होतं. कॉम्प्युटरच्या मागच्या कोपऱ्यात बसणारा हा पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज घेतो आणि आतल्या प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या मापाने वाढतो. त्यातून वायरींचा जाडजूड झुबका बाहेर येतो. काही लागतात, बाकीच्या कधीतरी कुणीतरी काहीतरी जोडेल म्हणून दिलेल्या असतात. लग्नघरी येतील न येतील त्या सगळ्यांच्या नावाचा भात शिजवतात, तसं.

"बॅटरी जरा डावीकडे, शालनबाय."

शालनने बॅटरी डावीकडे केली आणि नजर उजवीकडे. करीमभाई दोऱ्याची गाठ मारत होते, ती पुन्हा सुटली होती, आणि अशा वेळी कुठे बघायचं नाही हे ती आता शिकली होती.

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर शालनचं दुकान. आधी तिथे टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि शालन पुस्तकं वाचून, मशिनी उघडून, एकदोन जाळून शिकली. करीमभाई उभी हयात जहाजांवर इलेक्ट्रिशियन. निवृत्त होऊन घरी आले आणि थोड्याच दिवसांत आसियाभाभी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना घेऊन दुकानात हजर झाली. "घरातल्या सगळ्या बटणांच्या जागा बदलून झाल्या," ती म्हणाली, "आता माझी बदलतील. तुझ्याकडे ठेवून घे गो."

ठेवून घेतलं आणि दुकानाचं नशीब उघडलं. जहाजावर सुटी वायर म्हणजे पाप. जहाज हललं की वायर हलते, हलली की घासते, घासली की आग. रत्नागिरीतलं टेबल हलत नाही हे करीमभाईंना कुणी पटवू शकलं नाही. जाळी विणणाऱ्यांकडून ते नायलॉनचा बारीक दोरा आणायचे, त्याला मेणबत्ती चोळायचे आणि कॅबिनेटमधली एकूण एक वायर कडेकडेने नेऊन बांधायचे. इतर दुकानांत उरलेल्या वायरी रिकाम्या खणात कोंबतात, पाहुणे आले की पसारा पलंगाखाली सरकवावा तशा. करीमभाई त्यांची जुडी करून पत्र्याच्या मागच्या बाजूला अशी निजवायचे की शोधूनही सापडू नये. वळणावर वायर वळायची ती जणू तिथेच उगवून आल्यासारखी. सारख्या अंतरावर सारख्या गाठी, आणि प्रत्येक गाठीचं तोंड खाली. शालनला कधी कधी वाटायचं, असं काम झाकण लावून बंद करायचं म्हणजे पैठणी पेटीत ठेवून वर कुलूप घालायचं.

म्हणूनच की काय, दुकानात एक रीत पडली होती. नवीन मशीन गिऱ्हाइकाला देताना झाकण उघडं ठेवून आधी पोट दाखवायचं. "कल्ला उचलून दाखवल्याशिवाय बंदरावर सुरमई खपत नाही," करीमभाई म्हणत, "मग हे बंद डब्यात का खपावं?" काही न कळणारी माणसंही वाकून बघत आणि मान डोलावत. घरी आलेल्या पाहुण्यांना कॉम्प्युटर चालू करून दाखवायच्या आधी स्क्रू काढून गाठी दाखवणारी माणसं या गावात होती.

आणि गेल्या पावसापासून करीमभाईंचा उजवा हात थरथरू लागला होता.

हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणालाच दिसत नव्हतं. आसियाभाभी कप अर्धाच भरायला लागली, वर म्हणायची, दूध महाग झालंय. गिऱ्हाइकं म्हणायची, आम्हाला काही घाई नाही हो. शालनने स्क्रू धरून ठेवणारा लोहचुंबकाचा पेचकस आणला आणि तो स्वतःलाच हवा होता असं सांगितलं. डॉक्टरांचा विषय निघाला की करीमभाई गुडघ्यांबद्दल बोलत.

मग एक हार्ड डिस्क मोडली. डिस्कला वीज जिथे जोडतात तिथे प्लॅस्टिकची पातळ जीभ असते, तिच्यावर वायरीचं टोक सरळ बसवावं लागतं. अरुंद कॅबिनेटात हात घालून बसवताना ते तिरकं गेलं आणि जीभ तुटली. शालन म्हणाली, "पार्सलमध्येच मोडून आली असेल, हल्ली कसंही फेकतात." दोघांनीही पार्सलवाल्याला यथेच्छ नावं ठेवली.

पण पार्सलवाल्यावर किती ढकलणार? दुसऱ्याच्या मशिनी मोडू द्यायच्या नाहीत, हे शालनला स्पष्ट कळत होतं. तितकंच स्पष्ट हेही, की करीमभाईंना टेबलावरून उठवलं तर ते घरी जाऊन खिडकीशी बसतील, आणि तो माणूस खिडकीशी बसायला जन्मलेला नाही. रात्री भाकरी थापताना, दिवसा बिलं फाडताना तिच्या डोक्यात हाच एक गुंता होता, आणि हा काही मेणाच्या दोऱ्याने बांधून मागे सारण्यासारखा नव्हता.

तशात प्रमोदचं काम आलं. प्रमोद लग्नाची शूटिंगं करायचा. नवरानवरीला आरे-वारेच्या वाळूवर पळवायचा आणि ते पळणं घरी बसून हळू करायचा. त्याला त्यासाठी दणकट मशीन हवं होतं. शालनने मुंबईहून माल मागवताना पॉवर सप्लाय वेगळाच मागवला. २००८ साली तसला रत्नागिरीत कुणी आणलेला तिने तरी ऐकलं नव्हतं.

"हे काय?" खोकं उघडून करीमभाईंनी विचारलं. डब्यातून मदरबोर्डाच्या जाड वायरी तेवढ्या बाहेर आल्या होत्या. बाकीच्या सगळ्या एका पिशवीत, सुट्या.

"मॉड्युलर म्हणतात. डब्याच्या अंगावर खाचा आहेत बघा. लागतील तेवढ्याच वायरी लावायच्या. उरलेल्या पिशवीत राहतात. तुम्हीच म्हणता ना, लागतात चार आणि देतात चौदा."

करीमभाईंनी आधी डबा हातात घेऊन वजन पाहिलं. वजनावरून ते सप्लायची जात ओळखत. "वजन आहे," त्यांनी मान्य केलं. मग खाचांवरून अंगठा फिरवला. "पण प्रत्येक खाच म्हणजे एक जोड, शालनबाय. जोड म्हणजे आपल्या खाऱ्या हवेला दिलेलं आमंत्रण. साध्या सप्लायची वायर आतून डाक मारून सांधलेली असते, तिथे हवा शिरत नाही. इथे वर्षा-दोन वर्षांत गंजाचं हिरवं चढेल."

"डिस्कच्या टोकाला जोड नसतो काय? त्याला नाही हिरवं चढत?"

"चढतं ना. म्हणून म्हणतो, एक पुरे आहे. दुसरा कशाला?"

"उद्या सप्लाय जळला तर तुमच्या सगळ्या गाठी कापायला लागतात. इथे नुसतं उपटायचं."

"आणि त्या जागी दुसऱ्या कंपनीचा आणलास, आणि जुन्याच वायरी लावल्यास, तर? टोक बसेल आणि आतली वीज भलत्याच पिनेत जाईल. डिस्क भाजून निघेल. प्रत्येकाची खाच सारखी दिसते, पण वाटणी वेगळी." त्यांनी पिशवीवर पेनाने कंपनीचं नाव मोठं लिहायला घेतलं, अक्षर वेडंवाकडं झालं, तसा पेन तिच्याकडे सरकवला. "तू लिही. माझा चष्मा घरी आहे."

चष्मा नाकावर होता. शालनने नाव लिहिलं.

"आणला आहेस तर लावून बघू," शेवटी ते म्हणाले. "तुझं समाधान."

शालन याचीच वाट बघत होती. तिने कॅबिनेट बाजूला ढकललं आणि डिस्क टेबलावर ठेवली, उजेडात. "आतमध्ये हात घालायचा नाही. वायर सुटीच आहे तर आधी इथेच डिस्कला लावा. मग डिस्क बसवू, आणि शेवटी दुसरं टोक डब्यात."

करीमभाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग दोन्ही कोपर टेबलावर रोवले, डावा हात उजव्याच्या मनगटाखाली घेतला आणि टोक जिभेवर आणलं. हात थरथरत होता, पण आता त्याला खाली टेबल होतं, वर उजेड होता, आजूबाजूला धारदार पत्रा नव्हता. टोक सरळ बसलं. दुसऱ्या डिस्कचंही बसलं. दोन्ही डिस्का जागेवर गेल्या, आणि मग डब्याच्या बाजूचं रुंद टोक खाचेत दाबल्यावर टक् असा आवाज आला. त्याला पकड होती. तिरकं जातच नव्हतं.

त्यांनी ते काढलं आणि पुन्हा लावलं. टक्. चहा निवायच्या आत काम झालं होतं.

"ज्याने कुणी हे शोधून काढलंय," करीमभाई हळूच म्हणाले, "त्याने कधीतरी अडचणीच्या जागी काम केलेलं असणार. असल्या गोष्टी खुर्चीत बसून सुचत नाहीत."

शालनला इतकं बरं वाटलं की तिने उगाच टेबल पुसायला घेतलं. आता सगळं होईल, तिला वाटलं, न बोलता होईल. यापुढे सगळीकडे हाच सप्लाय. हवा खेळती राहते म्हणून सांगू.

दुपारी आसियाभाभी जेवणाचा डबा घेऊन आली आणि तिच्या पाठोपाठ प्रमोद. रीतीप्रमाणे झाकण उघडं होतं. प्रमोद वाकला, बराच वेळ बघत राहिला. आत ऐसपैस मोकळं होतं. पंख्याची झुळूक एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघत होती.

"एकदम स्वच्छ," तो म्हणाला. "पण चाचा, गाठी कुठायत?"

त्याने जीभ चावली, पण तोवर उशीर झाला होता. भाभी जेवणाच्या डब्याचं झाकण घट्ट असल्यासारखं त्याच्याशी झटायला लागली.

"बांधायला वायरीच नाहीत," करीमभाई म्हणाले. "शालनबायला विचार. तिने आणलाय."

"हवा खेळती राहते," शालन म्हणाली.

"मी बांधलेल्या मशिनीत हवा अडली होती कधी?"

"तसं नाही करीमभाई. उद्या प्रमोदला आणखी डिस्का लागल्या तर—"

"लागतील तुला?" त्यांनी प्रमोदला विचारलं. प्रमोदने एकदा शालनकडे, एकदा भाभीकडे पाहिलं आणि म्हणाला, "लागतीलही. सीझनवर आहे."

"साध्या सप्लायला तेवढी टोकं असतात. " ते शालनकडे वळले. "मघाशी तुला म्हणालो नाही, आता सांगतो. वस्तू उत्तम आहे. मन लावून बनवलेली आहे. पण वीज तीच, तेवढीच. ऑफिसवाल्याला, शाळेला, या प्रमोदलासुद्धा तिच्यावाचून काही अडत नाही. दोन डिस्कांचं मशीन." त्यांनी पेचकस खाली ठेवला, तो टेबलावर जरासा खुळखुळला. "मग हा सप्लाय कुणासाठी आणलास?"

"दिसायला छान आहे की," भाभी म्हणाली, हातातल्या जेवणाच्या डब्याकडे बघत.

"आसिया, तू गप. मी हिला विचारतोय."

खाली बंदरावर बर्फ फोडण्याचा आवाज चालला होता. प्रमोद पुन्हा कॅबिनेटमध्ये वाकला, जणू तिथे बघण्यासारखं काहीतरी राहिलं होतं. शालनकडे अजून दोनतीन कारणं होती: धूळ, उंदीर, मुंबईच्या डीलरचा आग्रह. सगळी ओठांवर होती, आणि करीमभाई इतके सरळ बघत होते की त्यातलं एकही पुढे सरकेना. दिसत होतं त्यांना सगळं. पार्सलवाला, पेचकस, सगळं. आणि हे सगळं ते एकटेच उचलून चालले होते, कारण बाकी कुणी त्याला हात लावत नव्हतं.

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तुम्ही या टेबलावरून उठायला नको, म्हणून आणला," शालन म्हणाली. "तुमचा हात थरथरतो, करीमभाई."