नाकारलेलं तिकीट

चूक माझी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधे कुणी तोंड घालायला नको.

रेसकोर्सवर सात नंबरची खिडकी माझी. एकोणीस वर्षं झाली. लोक घोड्यांचे आकडे सांगतात, मी मशीनवर मारते, तिकीट हातात देते. मला सगळे मास्तरीण म्हणतात, कारण कुणी गोंधळला की मी समजावत बसते. ट्रायफेक्टा म्हणजे पहिले तीन घोडे, आणि तेही सांगितलेल्या क्रमानेच. एक जरी मागेपुढे झाला की तिकीट कचऱ्यात. क्रमाची खात्री नसेल तर बॉक्स लावा, मग ते तिघं कसेही येऊ देत. फक्त पैसे सहापट. का? अहो, तीन जावा एका बाकावर किती तऱ्हांनी बसतील, मोजा! सहा. प्रत्येक तऱ्हेची एक पैज. एवढं सांगितलं की कुणालाही कळतं.

कळत नाही ते फक्त शहाण्यांना. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या दिवशी असाच एक शहाणा माझ्या खिडकीशी आला. पांढरा कोट, क्लबचा सभासद, मागे चार मित्र. पैजा बंद होण्याच्या घंटेला जेमतेम मिनिट उरलेलं.

"ट्रायफेक्टा बॉक्स. तीन, पाच, अकरा," तो म्हणाला आणि प्रत्येक पैजेची रक्कम सांगितली. चांगली दणदणीत.

"बॉक्स ना? सहापट होतील हं," मी म्हटलं.

"बाई, मला शिकवू नका. आकडे मारा."

मारले. तिकीट बाहेर आलं, मी एकूण रक्कम सांगितली आणि गड्याचा चेहरा उतरला. हातात एकाच पैजेचे पैसे होते. मागे मित्र फिदीफिदी हसायला लागले. तेवढ्यात घंटा वाजली.

"मी साधं मागितलं होतं," तो ओरडला. "हे माझं नाही. ही चूक या बाईची."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. आमच्याकडचा नियम असा: घंटा झाली की तिकीट रद्द होत नाही. गिऱ्हाइकाने नाकारलं तर खिडकीवालीने पदरचे पैसे भरून ते स्वतःकडे ठेवायचं, आणि वहीत तिच्या नावावर लाल शेरा. तीन शेरे झाले की खिडकी गेली. मग मागच्या गोदामात कागदाची रिळं रचत बसा. माझे दोन झाले होते.

आमचे साहेब धावत आले. मला एका शब्दाने विचारलं नाही. "सभासदांशी वाद नको," म्हणाले आणि तिसरा शेरा मारून मोकळे झाले. तिकिटापायी माझा महिन्याचा पगार गेला. पांढरा कोट मान ताठ करून निघून गेला.

मी खिडकीतच बसून होते. समोरच्या टीव्हीवर घोडे सुटले. खरं सांगते, मी बघतही नव्हते, साहेबांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. शेवटच्या वळणावर लोकांचा आवाज अचानक वाढला म्हणून मान वर केली. अकरा पहिला. तीन दुसरा. पाच तिसरा. लोकांचा आवडता घोडा कुठल्या कुठे मागे, म्हणजे जिंकणारी तिकिटं मोजकीच. पांढऱ्या कोटाच्या साध्या तिकिटाला फुटकी कवडी मिळाली नसती. माझ्या बॉक्सला? बोर्डावरचा आकडा मी तीनदा वाचला. घर येत होतं त्यात, अहो, दोन खोल्यांचं घर!

पाचव्या मिनिटाला साहेबांनी मागच्या खोलीत बोलावलं. पांढरा कोट तिथेच बसला होता.

"मास्तरीणबाई," साहेबांच्या आवाजात एकदम साखर. "यांचं तिकीट देऊन टाका. तुमचे पैसे ते परत करतील, आणि मी तो शेरा खोडतो. खिडकी तुमचीच."

"म्हणजे चूक माझी नव्हती?"

"तसं नाही म्हणत मी..."

"मग शेरा का खोडता?"

साहेबांनी पांढऱ्या कोटाकडे पाहिलं.

"हे बघा साहेब. चूक माझी असेल तर तिकीट माझं. तिकीट यांचं असेल तर यांनी सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं. दोन्ही तुमच्या सोयीचं कसं चालेल?"

"बाई, नीट विचार करा. गोदामात धूळ खात बसाल."

विचार केला. त्या खिडकीत मी माझं आयुष्य काढलं होतं. ती सोडवत नव्हती, खोटं कशाला बोलू? पण एकोणीस वर्षं जी घाम गाळून राखली, ती आता या माणसाकडून विकत घेऊ? छट्!

"शेरा राहू द्या," मी म्हटलं. "नाहीतर असं करा, वही आणा इकडे. सही करते."

वही ओढून घेतली आणि तिसऱ्या शेऱ्याखाली ठसठशीत सही ठोकली. मग तिकीट घेऊन बाहेर आले आणि लोकांच्या बाजूने सहा नंबरच्या रांगेत उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा.

माझा नंबर आला. तिकीट आत सरकवते तोच पांढरा कोट गर्दी ढकलत आला. चेहरा लालबुंद.

"थांबवा तिला! बॉक्स मी सांगितला होता! तीन, पाच, अकरा, माझ्या तोंडाने सांगितला होता! तिने मला सहापट म्हणून बजावलंसुद्धा होतं!"

सगळी रांग वळून बघायला लागली. त्याचे चार मित्रही. मागून साहेब धापा टाकत आले होते, ते जागच्या जागी थिजले.

मी तिकीट आत सरकवलं.

"हे घंटेच्या आधी बोलायचं होतं," मी म्हटलं.