काठावरचा ठोका

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, मित्रांनो. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, कुसाबाईंच्या कापड रंगवायच्या शेडमध्ये माझी तीस वर्षे गेली. डाळिंबाच्या सालीचे पाणी तांब्याच्या पातेल्यात पिवळे राहते. माझ्यात आले की लोखंडामुळे ते काळपटते. खाकी कापड हवे असले की माझे कौतुक होते. पिवळे हवे असले की कोणी मला हातही लावत नाही. वाईट वाटते, पण करणार काय? स्वभावच माझा तसा.

कुसाबाईंना हल्ली धूसर दिसते, हे फक्त मला ठाऊक होते. रंग ढवळताना त्या पुटपुटायच्या, "सूनबाईला कळलं तर मला चुलीपाशी बसू द्यायची नाय."

शेजारच्या पायलची दुसऱ्या दिवशी हळद होती. तिची सुती साडी चार दिवस हिरड्यात आणि तुरटीत मुरवून तयार होती, फक्त पिवळा चढायचा होता. दुसरी करायला वेळच नव्हता. साडी रंगवायच्या आदल्या दिवशी चुली सारवताना सून पूजाने पातेल्याची आणि माझी जागा बदलली आणि सांगायचे विसरली. दोघांतही सालीचेच पाणी, वासही तोच.

धुरातून कुसाबाई साडी घेऊन, मला पातेले समजून, थेट माझ्याकडे आल्या. साडी एकदा काळवंडली की कितीही धुतली तरी पिवळी होणार नव्हती. सवयीप्रमाणे त्यांनी आधी पाणी ढवळले आणि काठी निथळायला माझ्या काठावर आपटली.

ठक्!

तांबे असे वाजत नाही. त्यांचा हात थांबला. साडीचा पदर पाण्यापासून चार बोटे वर होता. त्यांनी पुन्हा काठी आपटली. ठक्! साडी छातीशी धरून त्यांनी सुनेला हाक मारली.

"पूजा, मला दिसत नाय गं. लय दिवस झाले."

पूजाचा चेहरा उतरला. "आई, सांगायचं नाही का? उद्याची हळद झाली की डॉक्टरकडे जाऊ. आणि काठी तुमच्याच हातात राहणार. रंग मी बघते, ठोका तुम्ही ऐका."

पायल पिवळ्याधमक साडीत हळदीला बसली.

मित्रांनो, पूजाने चुली सारवताना माझ्या काठावरची जाड काजळी खरवडली नसती, तर तो ठोका वाजलाच नसता. म्हणून जुन्या भांड्यांना घासा, कोरडे ठेवा. आणि घरात कोणी चाचपडत चालत असेल, तर विचारा. मला सगळे कळत होते, पण तोंड नव्हते. तुम्हाला आहे.