एकतीस खुणा

पलटणीतून लंगडत परत आलेल्या माणसाला कॉलेजच्या वाचनालयात शिपायाची जागा मिळाली, तर त्यानं देवाचे आभार मानावेत आणि गप्प बसावं. मानसिंग गप्पच बसला होता. आफ्रिकेतल्या लढाईत त्याच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला, सरकारनं त्याला घरी धाडलं, आणि झेंड्यांची भाषा येणारा माणूस पुस्तकांवरचे नंबर तरी नीट वाचेल, एवढ्या हिशेबानं सांगलीच्या कॉलेजनं त्याला ठेवून घेतलं. पलटणीत तो सिग्नलवाला होता. या डोंगरावरून त्या डोंगरावर निरोप पाठवायचा. आता कपाटातून टेबलावर पुस्तकं पोचवायचा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तसं राहण्याची त्याला फार गरज होती, कारण त्याची धाकटी बहीण राहीबाई गावातल्या गावात, उंब्रजलाच दिलेली होती आणि तिचा नवरा जोतिबा बेचाळीसच्या ऑगस्टपासून भूमिगत होता.

जोतिबाच्या नावाचं वॉरंट सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक चौकीत लागलं होतं. सापडला तर सरळ तुरुंग, आणि तुरुंगापर्यंत धड पोचेल याचीही खात्री कुणी देत नव्हतं. सांगली संस्थानातली म्हणून जिल्ह्याचे पोलीस इथं जरा बिचकून वागत. त्यामुळे जोतिबाचे निरोप मानसिंगकडे येत आणि मानसिंगकडून पुढे जात. वाचनालयातल्या शिपायावर कोण नजर ठेवणार? असं त्याला वाटायचं, ते चिंतामण आगाशे येईपर्यंत.

हा आगाशे साताऱ्याचा. अंगानं काडी, डोळ्यांवर जाड भिंगं, वय अठ्ठावीस. मुंबईला विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन वर्षं ठाण मांडून त्यानं भाषाशास्त्र वाचलं होतं. तिथली हवा छातीला सोसेना म्हणून तो इकडं आला आणि आता विद्यापीठाची पुस्तकं कॉलेजच्या नावावर मागवून सांगलीत वाचत होता. पुस्तकांची लाकडी पेटी मिरज स्टेशनला उतरायची, ती मानसिंगनं आणायची, सहा आठवड्यांनी परत पाठवायची. पहिल्याच पेटीत दोन पुस्तकं फ्रेंच निघाली आणि एक जर्मन. जर्मन! ज्यांच्या तोफांचं तोंड त्यानं पाहिलं होतं, त्यांचं पुस्तक हा काडीपैलवान मांडीवर घेऊन बसतो आणि मध्येच स्वतःशी हसतो, हे मानसिंगला पहिल्या दिवसापासून खटकलं.

त्याहून खटकल्या त्या चिठ्ठ्या. पोस्टकार्डाएवढे जाड कागद कापून आगाशे त्यावर काही काढायचा. कधी चित्र, कधी रेघा. खाली बारीक अक्षरात मजकूर. वरच्या उजव्या कोपऱ्यात नाव, वय, गाव, तारीख. कपाट पुसायच्या निमित्तानं मानसिंगनं दोन-चार वाचल्या. कुंभारानं मडक्यावर उठवलेली खूण, सांगणाऱ्याचं नाव. धनगरानं मेंढीच्या कानाला पाडलेली खाच, सांगणाऱ्याचं नाव. गावंच्या गावं आणि माणसंच्या माणसं! फौजदाराच्या दप्तरात तरी याहून वेगळं काय असतं?

एके दिवशी आगाशेनं भिंगांतून वर पाहिलं.

“मानसिंगराव, तुमचं गाव कुठलं?”

“उंब्रज.”

“वा! मग एक सांगा. गाड्यांची रांग चालली आहे. वाटेला फाटा फुटला. पुढची गाडी कुठल्या वाटेनं गेली, हे मागच्या गाडीवानाला कसं कळतं? तुमच्याकडे काहीतरी खूण ठेवतात, असं ऐकलं.”

फाट्यावर ओली डहाळी टाकायची आणि तिचा शेंडा ज्या वाटेला, ती वाट धरायची, हे त्या भागातलं शेंबडं पोरही जाणत होतं. पण पंधराच दिवसांपूर्वी तशाच डहाळ्यांवरून जोतिबाची चार माणसं कृष्णाकाठानं सांगलीच्या हद्दीत उतरली होती. आणि हा नेमकं तेच विचारतो?

“आमी त्यात न्हाई पडत, मास्तर,” तो म्हणाला आणि ओली नसलेली फरशी पुसायला लागला.

त्या आठवड्यात राहीबाई मिरजेच्या दवाखान्यात दाखवायच्या निमित्तानं आली. दुखत तिचं काहीच नव्हतं. निरोप द्यायला आली होती. मानसिंगनं तिला सगळं सांगितलं.

“सीआयडी हाय त्यो,” ती ठामपणे म्हणाली.

“मलाबी तसंच वाटतंय. काय इचारलं तर तोंडच उघडत न्हाई मी.”

“आन् तेच चुकतंय तुझं, दादा! गप बसलास तर त्याला कळंल, हितं कायतरी मुरतंय. सांग त्याला. लय सांग. पर उलटं सांग.”

बाई शाळेत गेली नव्हती. गेली असती तर तिनं इंग्रजाला आणखी लवकर घरी पाठवलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मानसिंगची जीभ सैल सुटली. फाट्यावर काय ठेवतात? दगड, मास्तर. तीन. दोन खाली, एक वर, आणि वरच्याचं टोक जाईल ती वाट. घरात परका माणूस असला तर? परड्यात केरसुणी उलटी उभी करतात. गावात शिपाई आले तर? विहिरीच्या काठावर घागर पालथी घालतात. खरं तर त्या वेळी भिंतीवर काळं घोंगडं वाळत पडायचं, पण ते सांगायला मानसिंग काही वेडा नव्हता. रोज एक नवी थाप मारायची आणि घरी जाऊन ती आठवत झोपायचं, म्हणजे उद्या उलटसुलट होणार नाही. पलटणीत संकेत पाठ करायची सवय होतीच, ती अशी कामाला आली.

आगाशे प्रत्येक थापेवर खूश. “पाहा,” तो म्हणायचा, “दगडाचा आणि वाटेचा मुळात संबंध काय? काही नाही! सगळ्या गावानं मानलं म्हणून ती खूण. शब्दाचंही तेच. इतके महिने मी जे वाचतोय ते तुम्ही घरून घेऊन आलात, मानसिंगराव.” मग तो चिठ्ठी लिहायचा आणि कोपऱ्यात मानसिंगचं नाव घालायचा.

“नाव कशापायी, मास्तर?”

“शास्त्राची शिस्त आहे. सांगणाऱ्याचं नाव नसेल तर विद्यापीठ विचारणारच, ही खूण तुम्ही घरी बसून रचलीत कशावरून?”

मानसिंगला हसू आलं आणि भीतीही वाटली. तरी मनाच्या एका कोपऱ्यात तो माणूस त्याला आवडायला लागला होता. आगाशे आपल्या थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतायचा आणि शिपायाचा पेला आधी भरायचा. सीआयडीवाले असंही करत असतील, त्यांना शिकवतच असतील, असं मानसिंग स्वतःला बजावायचा आणि चहा प्यायचा.

मग एका रविवारी, तिसरी पेटी आणायला तो मिरजेला गेला, तर फलाटावर आगाशे आधीच हजर. त्याच्यासमोर साताऱ्याकडचा एक फौजदार. फौजदार काहीतरी विचारत होता, आगाशे मान डोलावत होता, आणि मग त्यानं पिशवीतून चार-पाच चिठ्ठ्या काढून फौजदाराच्या हातात दिल्या. मानसिंग खांबाआड उभा राहिला. मांडीतला लोखंडाचा तुकडा ठणकायला लागला. संपलं, त्याला वाटलं, आता संशयाला जागाच उरली नाही. फौजदार जर्मन पुस्तकावरून त्या माणसाला फैलावर घेत असेल, आणि तो बिचारा आपलं शास्त्र समजावून देत असेल, हे त्याच्या डोक्यात आलंसुद्धा नाही. आलं असतं तरी त्यानं ते झटकून टाकलं असतं.

संक्रांतीपर्यंत एकतीस थापा झाल्या. एकतिसावी लिहून झाल्यावर आगाशे म्हणाला, “आता साताऱ्याला घरी जाताना उंब्रजला उतरतो. या खुणा जागेवर पाहायला हव्यात.” मानसिंगनं खुशाल जा म्हटलं. पोलिसांचा माणूस पोलिसांच्या राज्यात फिरायला चाललाय, आपल्याला काय?

आठ दिवसांनी राहीबाई पुन्हा मिरजेला आली. या वेळी चेहरा खरोखरच आजारी माणसासारखा होता.

“दादा, त्यो तुझा मास्तर धरला गावात.”

“कुणी?”

“पोलिसांनी! फाट्यावर वाकून काय तर हुडकत हुता. परका माणूस, हातात कागूद, पिशवीत चारशे चिठ्ठ्या. शिपाई येताना दिसलं, तवा त्यानं घाईघाईनं चिठ्ठ्यांचं कोपरं फाडलं आन् तोंडात घातलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. फौजदारानं थोबाड रंगवलं, दोन दात पाडलं, पर त्यानं समदं गिळलं.”

“कुठलं कोपरं?”

“ते काय म्या वाचलं व्हय? पर फौजदार वरडत हुता, ह्या एकतीस चिठ्ठ्यांवरचं नाव कुटं हाय म्हणून.”

त्या एकतीस चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात मानसिंगचंच नाव होतं.

पुढचं सगळं उंब्रजनं पाहिलं. बाकीच्या चिठ्ठ्यांवर नावं शाबूत होती. वाईच्या एका म्हातारीनं रांगोळीतल्या ठिपक्यांचा अर्थ सांगितला होता, तिला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. एकतीस चिठ्ठ्या मात्र फौजदारानं खास बाजूला काढल्या. ज्या लपवाव्याशा वाटल्या, त्याच खऱ्या! मग फौजफाटा घेऊन तो तीन दगड शोधत निघाला. आणि ज्या मुलखात गुराखी बसतो तिथं दगडावर दगड रचतो, त्या मुलखात तीन दगडांना काय तोटा? दोन दिवस पोलिसांनी कोंडीबा धनगराच्या मेंढ्यांच्या वाड्याला वेढा घातला. उलट्या केरसुणीवरून अकरा घरांच्या झडत्या झाल्या. तेवढ्यात जोतिबा कऱ्हाडवरून खाली उतरून संस्थानात शिरलासुद्धा.

“तुझ्या दगडांनी माझं कुकू राखलं,” राहीबाई म्हणाली.

आज आपल्याला धरायला येतील, उद्या येतील, म्हणून मानसिंग वाट पाहत राहिला. कुणी आलं नाही. म्हणजे आगाशेनं नाव सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि जोतिबा आपल्याकडे येईल म्हणून पोलीस आपल्याला मोकळं सोडून बसले होते? दात पडले हे खरं. पण नाटकासाठी कुणी दोन दात देणारच नाही, असं थोडंच आहे? असे विचार मनात येतात याची त्याला लाज वाटायची, आणि तरी ते यायचे.

आगाशेला तीन वर्षांची सजा झाल्याचं कळलं. अकराव्या महिन्यात, चव्वेचाळीसच्या डिसेंबरात, भर दुपारी तो वाचनालयाच्या दारात उभा राहिला.

भिंगाची एक काच तडकलेली, गाल आत गेलेले. नेहमीच्या जागी बसून तो दम घेत राहिला. मानसिंगनं न विचारता पाणी आणून ठेवलं.

“छातीमुळे सोडलं,” आगाशे म्हणाला. “चिठ्ठ्या जाळल्या त्यांनी, समोर. विद्यापीठानं प्रबंधाला मार्चपर्यंत मुदत वाढवून दिली आहे. सगळं गेलं, मानसिंगराव. पण तुमच्या एकतीस मी गमावल्या नाहीत. रोज सकाळी उठून म्हणायचो. ऐका.”

आणि त्यानं म्हणायला सुरुवात केली. बोटांवर मोजत, क्रमानं, एकही न चुकता. तीन दगड. उलटी केरसुणी. पालथी घागर. मानसिंगनं कंटाळून रचलेल्या, चहा पिता पिता रचलेल्या, एकदा तर शिंक आली म्हणून अर्ध्यात बदललेली एक, साऱ्या थापा त्या खोल गेलेल्या तोंडातून जशाच्या तशा बाहेर येत होत्या. मानसिंगला वाटलं, आता याचे पाय धरावेत. सांगावं, मास्तर, यातलं एक अक्षर खरं नाही, माझ्या खोटेपणासाठी तुम्ही तुरुंग भोगलात.

“एकच खात्री हवी,” आगाशेनं पेन्सिल काढली. “उंब्रजच्या फाट्यावर मी पाहिलं, तेव्हा मला दगड दिसले नाहीत. एक सुकलेली डहाळी तेवढी पडली होती. तिचा काही अर्थ असतो का? की दगडच ठेवतात?”

त्याच दिवशी सकाळी सांगलीच्या वेशीबाहेरच्या फाट्यावर एक ओली डहाळी पडली होती. संध्याकाळी तिच्यावरून जोतिबा येणार होता. मानसिंगनं ती स्वतःच्या हातानं टाकली होती.

तीन वर्षांची सजा. अकरा महिन्यांत सुटका. आणि सुटल्याबरोबर पहिला प्रश्न डहाळीचा.

त्यानं आगाशेच्या तोंडाकडे पाहिलं. दोन दात नव्हते. त्यानं आगाशेच्या हातातल्या कोऱ्या चिठ्ठीकडे पाहिलं. या माणसावर विश्वास ठेवायला आणखी काय हवं होतं? काही नको होतं. तरी राहीबाईचं कपाळ त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

“दगडच, मास्तर,” तो म्हणाला. “तीन. डहाळी शेरडानं टाकली असंल.”

आगाशेनं मान डोलावली आणि लिहून घेतलं. उजवा कोपरा त्यानं कोरा ठेवला.

“नाव न्हाई लिवलं?”

“आता नाही लिहीत. विद्यापीठ काय म्हणायचं ते म्हणो.” त्यानं चिठ्ठी बाजूला ठेवली आणि जरा अडखळला. “एक सांगायचं होतं. आत असताना, एकदा ताप भरला होता तेव्हा, मनात आलं की या माणसानं मला सगळं खोटंच सांगितलं असेल तर? तुमचा संशय घेतला मी, मानसिंगराव. माफ करा मला.”

मानसिंग वळला आणि लंगडत कपाटाकडे गेला. जर्मन पुस्तक कुठं ठेवलंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी तो बराच वेळ ते शोधत राहिला.