दुसरी चिमणी

ड्रायव्हरकाका भरतकामाच्या वर्गात गेले ते निव्वळ खुर्ची अडवायला.

वर्ग होता बायकोचा. मुलं मार्गी लागेपर्यंत स्वतःची अशी दुपार तिला कधी मिळालीच नव्हती. मिळाली तशी तिनं नाव घातलं, पिशवीवर भरायची चिमणी हौसेनं कागदावर काढली, आणि न्हाणीघरात घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. वर्गाच्या बाई कडक. कोणी लागोपाठ गैरहजर राहिलं की खुर्ची वाट बघणाऱ्या पुढच्या बाईला जायची. बायको रडली नाही. "जाऊ द्या, सुईदोरा माझ्या नशिबातच नाही," एवढं म्हणून तिनं तो कागद काकांना कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं. काकांच्या जिवाला ते फार लागलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"मी बसतो तुझ्या खुर्चीवर," ते म्हणाले.

"तुम्ही? शर्टाचं बटण तुटलं तर तुम्ही शर्ट बदलता!"

"अगं, बसायचंच तर आहे. उभा जन्म बसमध्ये बसूनच काढला ना मी?"

पण नुसतं बसून भागणार नव्हतं. वाचनालयाच्या वरची ती लांबट खोली, एका भिंतीशी शिवणयंत्रं, मधल्या टेबलाभोवती बायका आणि त्यांच्यात अंग चोरून बसलेले काका. बाईंनी त्यांच्यापुढे कापड ताणलेली लाकडी रिंग ठेवली. "काका, रिकाम्या हातानं बसलेलं मला चालत नाही." काकांनी अरुंद गल्लीबोळांतून बस सफाईनं काढली होती, पण सुईच्या नेढ्यातून दोरा काढताना त्यांना घाम फुटला. पहिल्या दिवशी निघायला उठले तर रिंगही सोबत उठली. कापडाबरोबर स्वतःची पँटही त्यांनी इमानेइतबारे शिवून टाकली होती! वर्ग हसून हसून बेजार झाला. काकाही हसले, दुसरं करणार काय?

घरी आल्यावर बायको सगळं खोदून खोदून विचारायची. "दोरा किती ओढता? फार ओढू नका, कापड आकसतं." प्लास्टरमधला हात उशीवर टेकवून ती तोंडानं शिकवायची आणि काका चहा करता करता मान हलवायचे. हळूहळू साखळीटाका जमला, मग पंख भरायचा टाका जमला. दुपार कधी होतेय असं काकांना होऊ लागलं. निवृत्तीनंतर असं प्रथमच होत होतं, आणि खरं सांगायचं तर ते सुखात होते. बायकोनं काम दाखवा म्हटलं की मात्र ताकास तूर लागू देत नसत. पिशवी पुरी झाल्यावरच तिच्या हातात द्यायची होती.

त्यातच एकदा बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काकांची चिमणी बघा, काय देखणी झालीय!" झालं. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पिशवीच्या पुढच्या बाजूला एकच चिमणी भरायची होती. काकांनी मनाशी ठरवलं, मागेही एक हवी! बाईंना न विचारता त्यांनी कापडाच्या दुसऱ्या टोकाला फळीवरून काढून आणलेला बायकोचा कागद ठेवून चिमणी उमटवली आणि रोज बागेतल्या बाकावर बसून ती भरली. दोन्ही चिमण्यांचे डोळे तेवढे कोरे ठेवले. पिशवी तिची व्हायची तर एक तरी टाका तिच्या हातचा हवा, असं त्यांना वाटत होतं.

शेवटच्या दिवशी कापड आतली बाजू बाहेर ठेवून मधोमध दुमडलं, यंत्रावर कडा शिवल्या, अस्तर लावलं, बंद जोडले. काकांनी मोठ्या ऐटीत पिशवी सुलटी केली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पुढची चिमणी ताठ उभी होती. मागची डोकं खाली, पाय वर.

"अहो काका," बाईंनी कपाळावर हात मारला, "कापड खालून दुमडतं ना! मागची चिमणी उलटी काढायची असते. विचारायचं तरी!"

"उसवतो," काका म्हणाले.

"भोकं राहतील कापडाला."

तेवढ्यात दारात बायको आली. प्लास्टर कालच निघालं होतं, मनगट अजून फिकट आणि बारीक दिसत होतं. काकांनी झटकन उठून खुर्ची मोकळी केली. आपल्या खुर्चीवर ती इतक्या दिवसांनी बसली आणि तिनं हात पुढे केला. काकांनी पिशवी पुढे केली ती अर्थातच सुलटी चिमणी वर ठेवून. बायकोनं निरखून बघितलं, बोटानं पंख चाचपला आणि पिशवी पालथी केली. काकांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

"ही कोणी भरली?"

"मीच. शहाणपणा केला. उलटी झाली."

अस्तर बघायला बायकोनं पिशवीचं तोंड स्वतःकडे करून ती मांडीवर ठेवली, आत डोकावली आणि हसायला लागली.

"अहो, इकडे या. माझ्या मागे उभे राहून बघा."

काका तिच्या खांद्यामागून वाकले. तिच्या मांडीवरची चिमणी सरळ उभी होती, तोंड वर करून तिच्याकडेच बघत होती. बघत होती म्हणजे बघणार होती, डोळा कुठे होता?

"डोळा राहिला की हिचा," बायको म्हणाली.

"तो तुझ्यासाठी ठेवलाय. दोन्हींचे डोळे."

बायकोनं एकदा मनगटाकडे बघितलं, एकदा काकांकडे. तिचे डोळे भरून आले. "बोटं थरथरतात अजून. दोरा कोण ओवणार?"

काकांनी सुई उजेडात धरली. दोरा पहिल्याच खेपेला नेढ्यातून गेला. बायकोनं सुई घेतली, शेजारची खुर्ची डाव्या हातानं ओढून काकांना बसायला सांगितलं आणि मांडीवरच्या चिमणीला सावकाश डोळ्याची गाठ घातली. गाठ जरा वर सरकली, चिमणी थोडी तिरळी झाली.

"राहू दे," काका म्हणाले.

"राहणारच आहे," ती म्हणाली. मग बाईंना हाक मारून तिनं पुढच्या वर्गासाठी दोन खुर्च्या धरायला सांगितल्या.