आरोहीची शेळी

"मॅडम, हे सायबाला दाखवायचं म्हणता?" मुख्याध्यापक अमृतराव पुठ्ठा लांब धरून बघत होते. "शेळी तरी दिसती का ह्यात?"

"सर, डोळे मिटून हात लावून बघा," गुलनाज म्हणाली.

त्यांनी पुठ्ठा टेबलावर ठेवून दिला.

गुलनाज कंत्राटी विशेष शिक्षिका. वसमतहून एसटीने आठवड्याला पाच गावं करायची. या गावात तिची एकच विद्यार्थिनी होती, जन्मापासून न दिसणारी दहा वर्षांची आरोही. पुठ्ठ्यावरच्या या शेळीला आरोहीने तीन आठवडे घेतले होते. पोटाला कापूस, पायांना तुराट्या. कानाला कापड नको म्हणाली, लोकरही नको म्हणाली. शेवटी जुन्या चपलेचं मऊ पडलेलं चामडं बोटांत चोळलं आणि हसली. "हे. बराबर हे."

"तालुक्याचं प्रदर्शन हाय," अमृतराव म्हणाले. "एखादं साफ चित्र काढा, खाली पोरीचं नाव टाका. समदे तसंच करतेत. आन् मार्चात तुमचं कंत्राट वाढवायच्या कागदावर शेरा मलाच लिहायचाय."

रविवारी घरी बसून गुलनाजने हिरव्या गवतातली पांढरी शेळी रंगवली.

चित्राचा पहिला नंबर आला. वसमतच्या मंडपात आरोहीला स्टेजवर बोलावून काचेची फ्रेम तिच्या हातात दिली. खाली तिचे वडील रामकिशन उपरण्याने डोळे पुसत होते. टाळ्या चालू असतानाच आरोही काचेवरून बोटं फिरवू लागली. वरून खाली, कडेकडेने, पुन्हा मधोमध.

"बाई, माही शेळी कुठंय?"

साहेब वाकले. "काय म्हणतंय लेकरू?"

"काही न्हाई सर." गुलनाज तिच्या कानाशी गेली. "काचेच्या आत हाय, बेटा."

"कान हाताला लागून न्हाई राहिले."

"आतच हायेत."

"बरं," आरोही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुलनाजने शाळेत तो पुठ्ठा शोधला. साफसफाईत कचऱ्याबरोबर जाळला, असं शिपाई म्हणाला.

पुढच्या सोमवारी तिने परातीत ओली माती कालवली.

"चल, आज बैल करू."

आरोहीने दोन्ही हात मांडीखाली घेतले. "तुमीच करा बाई. तुमी केलेलंच काचेत घालतेत."

गुलनाजने ओंजळभर माती उचलून तिच्यापुढे धरली. गढूळ पाणी गुलनाजच्याच मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. घंटा होईस्तोवर आरोही तशीच बसून होती, हातांवर आपलं सगळं वजन टाकून.